गुंफाकाकूचा कडू घास

हे गेले तेव्हा आमच्या नागपूरच्या घरी माणसांची रीघ लागली होती. सगळी चांगली शिकली-सवरलेली माणसं. येत, खुर्चीच्या कडेला टेकत आणि म्हणत, "सुटले हो. हाल नाही झाले." कुणी म्हणे, "वय झालंच होतं." कुणी म्हणे, "आता तुम्ही स्वतःला सांभाळा." मी काय दुधाचं पातेलं आहे, उतू जाईल म्हणून सांभाळायला? हात जोडून सगळ्यांचं ऐकून घेतलं. मनात मात्र म्हणत होते, बाबांनो, ज्याच्याशी उभा जन्म भांडले तो माणूस गेलाय, त्याच्याबद्दल एक तरी शब्द बोला की. सुटले म्हणे. मी काय बांधून ठेवलं होतं त्यांना? आणि मग गुंफाकाकूची इतकी आठवण आली, की चहा ठेवायच्या निमित्तानं आत जाऊन रडून घेतलं. ती असती तर काय म्हणाली असती, याचा मी अजून विचार करते. मला काही सापडत नाही.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नागपूरहून हुकूम सुटला की मास्तरानं बोचकं बांधायचं, अशी आमची नोकरी. तसंच बोचकं बांधून आम्ही मेहकरला आलो. मी, मास्तर आणि सासूबाई. पैनगंगेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत घर मिळालं. समोरच्या ओट्यावर एक उंच, हाडकुळी, काळी बाई बसलेली होती. बोटाला मिश्री, कपाळ मोकळं. आमचं सामान उतरत होतं आणि ती एका गोऱ्ह्याला शिव्या देत होती. अशा शिव्या मी माहेरी अकोल्यात कधी ऐकल्या नव्हत्या. सासूबाई म्हणाल्या, "समोरची बाई तोंडाळ दिसते. तिच्या वाऱ्याला उभी राहू नकोस."

तोंडाळ गुंफाकाकू होतीच. मांजरं, गोऱ्हा, शेत बटईनं करणारा तिचा पुतण्या, शेजारची सखूबाई, कुणालाही सोडायची नाही. शेणाच्या उकिरड्यावरून ती आणि सखूबाई सकाळी भांडल्या नाहीत तर गल्लीला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. गोड बोलणाऱ्या माणसाचा तर तिला राग होता. कुणी फार साखर पेरून बोलायला लागलं की ती मधेच म्हणायची, "पाहिजे काय तुले, ते सांग ना बापा."

पण गावात कुणी गेलं की ही बाई बदलायची. तिकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं नेतात आणि घरच्यांना बळेच दोन घास खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. तो सगळेच नेत. गुंफाकाकू नेताना आधी ओट्यावर गप्प बसून राहायची, कधी कधी सारी दुपार. तेव्हा तिच्याशी कुणी बोलायचं नाही, सखूबाईसुद्धा नाही. मग उठायची, रांजणातलं पाणी घेऊन खळखळून चूळ भरायची, भाकरीवर फडकं टाकायची आणि निघायची. एकदा मी विचारलं, चूळ कशाला? म्हणाली, "सकाळपासून काय काय बोललं हे तोंड. तसंच कसं न्याव तठी?"

आणि तिथे जाऊन ती फार तर दोन-चार वाक्यं बोलायची. तेवढ्यासाठी लोक तिची वाट बघत.

माझ्यावर ती वेळ लवकरच आली. सासूबाई गेल्या. आता खरं सांगायचं तर सासूबाईंनी मला पुष्कळ छळलं होतं. माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता आणि घरात बाया जमलेल्या. सगळ्या म्हणत होत्या, देवमाणूस होती, आईसारखी माया करायची. आणि चोरून माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघत होत्या. मला वाटत होतं, भुईत गडप व्हावं. गुंफाकाकू आली, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली, आणि मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "मास्तरीन, रडू येत नसन तं नोको रडू. लय जाचलं तिनं तुले. म्या ओट्यावरून पाह्यलं हाये. पन एक आइकून ठेव. मंदिरात बसली की ते म्हने, भाकर कराव तं माया सुनंनं. तुह्या तोंडावर म्हनाची लाज वाटे तिले." एवढंच. मग भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. मी जी रडायला लागले ती संध्याकाळपर्यंत थांबले नाही. सासूबाईंसाठी रडले की माझ्यासाठी, कोण जाणे. पण त्या दिवसानंतर मला त्यांचा राग धरता आला नाही.

ती खोटं कधी बोलायची नाही, हे मला हळूहळू कळलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पाटील राहायचे. असा करवादलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पोटचा मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता. ते गेले तेव्हा गाव दाराशी गेलं खरं, पण बोलणार काय? सगळे नुसते खाकरत होते. मला कुतूहल, की आता गुंफाकाकू काय शोधून काढते. ती उंबऱ्यापाशी बसली, आणि मुलाकडे न बघता म्हणाली, "तोंडाचे वाईट होते पाटील. हे म्या काय सांगाव, साऱ्या गावाले ठाव हाये. पन बैल म्हातारा झाला तं त्याइनं बाजारात नेला नाई. गोठ्यात शेवटलोक सोताच्या हातानं पानी पाजलं. जनावरासंगं जमे त्याइचं. मानसासंगं जमलं नाई." मुलगा दगडासारखा बसला होता. तो उठला आणि मागच्या गोठ्यात गेला. बराच वेळ परत आला नाही, आणि त्याला बोलवायला कुणी गेलं नाही.

मी तिला म्हटलं, "काकू, हे तुम्हाला सुचतं कुठून?"

"सुचत नसते वं," ती म्हणाली. "मानूस जिता असतानीच पाहून ठेवा लागते. मेल्यावर काय दिसते?"

म्हणजे ही बाई ओट्यावर बसून शिव्या देत होती तेव्हा सगळ्यांना बघत होती. मला जरा भीतीच वाटली. माझं काय बघून ठेवलं असेल, हा विचार मनात आला. विचारायचा धीर झाला नाही.

तिच्या या बघण्याचा उपयोग जिवंत माणसांनाही व्हायचा. शिंप्याची शांता सावळी होती. पाहुणे येत, पोहे खात आणि नंतर नकार कळवत. एकदा असाच नकार आला. पोरगी विहिरीवर मान खाली घालून पाणी ओढत होती आणि बाया "नशीब एकेकाचं" म्हणून चुकचुकत होत्या. गुंफाकाकू ओट्यावरूनच ओरडली, "शांते, त्या पाहुन्यातल्या म्हाताऱ्यानं पानी मांगतलं तं तू गडवा घासून देल्ला. आमी पाह्यलं. ज्याइले ते दिसलं नाई, त्याइच्या घरी तुहं काय काम हाये?" शांतानं मान वर केली. पुढे ती चिखलीला चांगल्या घरी पडली, पण मला तिची ती वर झालेली मानच जास्त आठवते.

फक्त लेकरू गेलेल्या घरी ती शब्द नेत नसे. सोनाराकडचं तान्हं गेलं तेव्हा मी तिच्याबरोबर होते. तिनं अंगण झाडलं, रांजण भरला, त्या आईच्या डोक्याला तेल लावलं आणि न बोलता घरी आली. वाटेत मी तिच्याकडे बघतेय असं पाहून म्हणाली, "तठी जो बोलन तो मूर्ख."

या बाईला एकच मुलगा होता, नारायण. आईनं सगळं बोलणं वापरून टाकल्यावर त्याच्या वाट्याला काही उरलंच नसावं, इतका तो अबोल. खामगावच्या बाजाराला कापूस नेणाऱ्या लॉरीवर तो ड्रायव्हर होता. गल्लीच्या तोंडाशी आला की एकदा भोंगा वाजवायचा. आई आतून ओरडायची, "आला वाटते लाटसाहेब," आणि तवा चुलीवर ठेवायची. त्यांचं बोलणं एवढंच. पण तो जेवत असताना ती समोर बसून त्याच्याकडे बघत राहायची, आणि तेवढा वेळ गल्लीला शांतता मिळायची.

लढाई सुरू झाली. फौजेला ड्रायव्हर हवे होते. नारायण गेला. जाताना आईला "येतो" म्हणाला. ब्रह्मदेशाच्या बाजूला गेला, एवढं गावाला कळलं. मग काही कळेना. लढाई संपली, आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं परत आली. गुंफाकाकू महाराजांच्या दर्शनाला जाते म्हणून शेगावला गेली आणि स्टेशनावरच बसून राहिली, असं तिला नेणाऱ्या बैलांच्या दमणीवाल्यानं नंतर सांगितलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीसमोर उभी राहायची म्हणे. शेवटी तहसिलीतला पट्टेवाला घरी आला आणि म्हणाला, नारायण बेपत्ता आहे.

"बेपत्ता म्हन्जे?" तिनं विचारलं.

"म्हणजे सापडला नाही, काकू."

"मंग शोधा ना."

तो बिचारा पाणी प्यायला आणि गेला.

आणि इथून गावाची पंचाईत सुरू झाली. माणूस मेला की काय करायचं ते गावाला ठाऊक असतं. बसायला जायचं, कडू घास न्यायचा, दिवस घालायचे. माणूस परत आला की पेढे वाटायचे. पण जो मेलाही नाही आणि आलाही नाही, त्याच्या आईकडे काय घेऊन जायचं? भाकरी-पिठलं झाकून न्यावं तर आपणच त्याला मारून टाकल्यासारखं. न न्यावं तर तिला एकटीला सोडल्यासारखं. ज्या बाईनं साऱ्या गावाच्या घरी शब्द नेला, तिच्या दाराशी न्यायला गावाकडे एक शब्द नव्हता.

काही जणी जाऊन म्हणाल्या, "येईल काकू. देव आहे." तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या पुन्हा गेल्या नाहीत. एकीनं धीर करून म्हटलं, "आता मनाची तयारी ठेवा." तिला मात्र तिनं ओट्यावरून उतरवलं. मग लोक त्या बाजूनं जाणंच टाळू लागले. नदीवर जायला पलीकडची वाट लांबची होती, तरी बाया त्या वाटेनं जाऊ लागल्या. मी जात होते, समोरच राहत होते, न जाऊन करते काय? पण मी तरी काय बोलायची? औंदा मिरची महाग आहे. लोणच्याला बुरशी आली. एक दिवस ती सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "मास्तरीन, तुमी साऱ्या आता मायासंगं मिरच्याइचंच बोलता."

मी खाली मान घातली. ती रागावलेली नव्हती, हेच वाईट होतं.

तिनं शिव्या देणं सोडलं. सखूबाईनं मुद्दाम उकिरडा तिच्या हद्दीत सरकवला, निदान भांडेल तरी म्हणून. गुंफाकाकूनं तिकडे बघितलंही नाही. सखूबाई माझ्या दारात येऊन रडली. गावात माणसं मरत होती, पण ती कुठे जाईना. कुणी बोलवायला आलं तर म्हणायची, "माया तोंडात काई नाई आता." संध्याकाळी तिच्या घरात दिवा लागायचा आणि तव्याचा आवाज यायचा नाही. सकाळची भाकर खाऊन ती झोपत असावी. दाराला आतून कडी घालत नसे. कडी का घालत नाही, हे सगळ्यांना कळत होतं आणि त्यावर कुणीच बोलत नव्हतं.

अशी काही वर्षं गेली.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीत करीमभाई पिंजारी यायचा. खांद्यावर पिंजण, दाढीत कापूस. घरोघरच्या गाद्या उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. मधली काही वर्षं तो जालन्याकडे मुलीच्या गावी जाऊन राहिला होता, त्या साली परत आला. गल्लीच्या तोंडाशीच आम्ही बायांनी त्याला गाठलं. मीच पुढे होऊन बजावलं, "करीमभाई, समोरच्या घरी नारायणचं नाव काढू नका. असं असं झालंय." त्यानं सगळं ऐकून घेतलं. दोनदा मान हलवली. "मले ठाव हाये, बाई," म्हणाला. मग पिंजण सावरलं आणि माझ्या दाराशी न थांबता सरळ गुंफाकाकूच्या ओट्यापाशी गेला.

ती दाणे पाखडत होती. त्यानं रामराम केला, पिंजण भिंतीला टेकवलं आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "काकू, नारायनची गादी काढता का? लय सालाची पिंजली नसन."

सखूबाईनं तोंडावर पदर धरला. सुपातून निसटलेले दाणे ओट्यावरून खाली पडले.

गुंफाकाकू त्याच्याकडे बघत राहिली. मग सूप बाजूला ठेवून उठली, आत गेली, आणि गादी स्वतःच ओढत बाहेर घेऊन आली. आम्ही धरायला धावलो तर हातानं दूर केलं. गादीत मधोमध खड्डा पडला होता, कापसाचे गोळे झाले होते. ती त्या खड्ड्यावरून हात फिरवत म्हणाली, "कापूस नवा नोको घालू. हाच पिंज. अन् उशाकडं जरा जास्ती ठेवजो. त्याले उंच लागते."

"ठेवतो ना," करीमभाई म्हणाला, आणि शिवण उसवायला बसला.

दुपारभर ते पिंजण वाजत राहिलं. अंगणभर कापूस उडत होता आणि गुंफाकाकू बोलत होती. लहानपणी तो उपडाच झोपायचा. त्याला वांग्याची भाजी चालत नाही, पण आईनं केली तर खातो. भोंगा एकदाच का वाजवतो, तर दुसऱ्यांदा वाजवला की म्हशी बुजतात. एकेक बाई पुढे सरकून बसली. सखूबाई म्हणाली, आपलं पेरूचं झाड त्यानंच रिकामं केलं होतं. त्यावर गुंफाकाकूनं तिला एक सणसणीत शिवी दिली, आणि सखूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मग काकूही रडली. कितीतरी दिवसांचं साचलेलं. आम्ही तिला रडू दिलं. करीमभाई मान वर न करता पिंजत होता.

जाताना मी त्याला म्हटलं, "तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"बाई, गादी घरात हाये," तो म्हणाला. "नाव घेतल्याबिगर कोनाची म्हनून मांगू?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत गल्लीत एक म्हातारा वारला आणि मी पाहिलं, गुंफाकाकू फडक्यानं झाकलेली भाकरी घेऊन निघाली होती.

मग नागपूरचा हुकूम सुटला, मास्तरांची तिकडेच बदली. गुंफाकाकू गेल्याचं मला फार उशिरा, कुणाकडून तरी कळलं. नारायण आला नव्हता, एवढंही त्याच माणसानं सांगितलं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती उभी आहे ती आम्ही निघालो त्या सकाळची. मोटारीच्या टपावर आमचं सामान चढत होतं. मी तिच्या पाया पडले आणि तशीच उभी राहिले. सगळ्यांसाठी तिच्याकडे काहीतरी असायचं, म्हणून माझ्यासाठी काय आहे याची वाट बघत होते. हावरटपणा, दुसरं काय. ती मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. मोटारीच्या ड्रायव्हरकडे बघत होती.

"नागपूर मोठं शयर हाये म्हन्तेत," ती म्हणाली. "मिलट्रीचे लोकं असतीन तठी."

"असतात, काकू."

"नारायन कुठी दिसला तं..." ती थांबली. मी तिला शब्द शोधताना नेहमी ओट्यावर गप्प बसलेली पाहिली होती, अशी उभ्यानं, लोकांच्या गर्दीत शोधताना कधी पाहिली नव्हती. मोटारवाला ओरडत होता, मास्तर हाका मारत होते, मी हललेच नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ये म्हनू नोको त्याले. त्याचं काई अडलं असन, म्हनून आला नसन. माय रडते असं बी नोको सांगू. उगा लाजन तो." मग माझा हात धरून म्हणाली, "इतलंच सांगजो, गादी पिंजून ठेवली हाये."

मी बरं म्हटलं. मोटार सुटली. मागच्या काचेतून दिसत होती तोवर ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि धूळ उडाली तरी तिनं पदर तोंडावर घेतला नाही.